दुसऱ्याच्या कन्सोलवर : बाहेरच्या गेम-प्रकाशकांच्या व्यवसायाची प्रस्तावना

व्हिडिओ गेमचा कन्सोल म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडायचे, मुख्यतः खेळांसाठीच बनवलेले संगणकयंत्र. जगाच्या बाजारात असे कन्सोल विकणाऱ्या मोठ्या कंपन्या आज तीनच आहेत: प्लेस्टेशनवाली सोनी, एक्सबॉक्सवाली मायक्रोसॉफ्ट आणि स्विचवाली निन्टेन्डो. तिघीही यंत्र बनवतात, त्यावर चालणारे स्वतःचे गेम काढतात आणि शिवाय इतरांना आपल्या यंत्रावर गेम विकण्याची परवानगी देतात. या इतरांना व्यवसायात ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. येथे त्यांना बाहेरचे प्रकाशक म्हटले आहे. यंत्राचा मालकच जिथे प्रतिस्पर्धी आहे तिथे बाहेरच्या प्रकाशकाला कमाई करता येते का, आणि एकमेकांशी चढाओढ करणाऱ्या मालकांच्या यंत्रांवर एकाच वेळी धंदा करणे जमते का, हे या विषयातले दोन मुख्य प्रश्न आहेत.

इतिहासातून मिळणारे उत्तर होकारार्थी आहे, पण सरसकट नाही. गेम चांगला असणे आवश्यक खरेच. तरी बाहेरच्याचे यश बहुतेक वेळा त्या घडीला कोणाला कोणाची गरज जास्त आहे यावर ठरत आले आहे. मालकाकडे गेमची चणचण असली की अटी सैल होतात. दाराशी प्रकाशकांची रांग लागली की त्याच अटी आवळल्या जातात. पुण्यातील आणि मुंबईतील ज्या मोजक्या कंपन्यांनी गेल्या दोन दशकांत कन्सोलच्या बाजारात पाऊल टाकले, त्यांचे अनुभवही या हिशेबाबाहेरचे नाहीत.

हा हिशेब समजण्यासाठी कन्सोलचे अर्थकारण आधी पाहावे लागते. यंत्र पुष्कळदा अगदी थोड्या नफ्यावर, कधी तोट्यातही विकले जाते. मालकाची खरी मिळकत पुढे, प्रत्येक विकल्या गेलेल्या गेममागे होते. स्वतःचा गेम असेल तर सगळी रक्कम त्याची. बाहेरच्याचा असेल तर परवान्याचा वाटा. डिजिटल दुकानांत हा वाटा साधारण ३० टक्के धरला जातो. त्याखेरीज गेम यंत्रावर नीट चालतो की नाही याची मालकाकडून तपासणी होते, विकासासाठी लागणारे खास संच त्याच्याकडूनच घ्यावे लागतात आणि दुकानाच्या पहिल्या पानावर कोणता गेम झळकेल हेही तोच ठरवतो.

हे नाते एका यात्रेच्या उदाहरणाने समजते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. धानोरा गावच्या एखाद्या दुकानदाराने त्या यात्रेत खेळण्यांचे दुकान थाटले, तर समोरून वाहणारी गर्दी त्याने जमवलेली नसते. ती दत्ताच्या दर्शनाला आणि घोडे पाहायला आलेली असते. त्याने जागेचे भाडे भरायचे आणि त्या गर्दीतून आपले गिऱ्हाईक काढायचे. कन्सोलवरच्या बाहेरच्या प्रकाशकाची स्थिती बरीचशी अशीच असते. फरक एवढाच की इथे जागेचा मालक स्वतःही त्याच मालाचे सर्वांत मोठे दुकान मांडून बसलेला असतो.

सुरुवातीला बाहेरचा प्रकाशक हा प्रकारच अस्तित्वात नव्हता. १९७७ मध्ये आलेल्या अटारीच्या कन्सोलसाठी गेम अटारीच बनवी. तिथले चार प्रोग्रॅमर, डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड, यांच्या कामावर कंपनी बक्कळ पैसा कमावत होती. त्यांना मात्र पगारापलीकडे काही मिळत नव्हते आणि गेमच्या खोक्यावर नावही नव्हते. १९७९ मध्ये ते बाहेर पडले आणि जिम लेव्ही यांच्यासोबत त्यांनी ‘ॲक्टिव्हिजन’ काढली. दुसऱ्याच्या कन्सोलसाठी गेम विकणारी ती पहिली स्वतंत्र कंपनी. अटारीने दावा लावला. १९८२ मध्ये तडजोड झाली, ॲक्टिव्हिजनने स्वामित्वशुल्क देण्याचे मान्य केले आणि बाहेरच्यांचा धंदा कायदेशीर ठरला. त्याच वर्षीचा ‘पिटफॉल’ ४० लाखांवर प्रतींत खपला.

या यशाची फळे मात्र कडू निघाली. ॲक्टिव्हिजनचे पाहून कोणीही उठून कार्ट्रिज काढू लागला, कारण अटारीच्या यंत्रात परक्याला अडवणारे कुलूपच नव्हते. दुकाने भिकार गेमनी भरली, भाव कोसळले आणि १९८३ पासून अमेरिकेतला घरगुती गेमचा बाजार बसला. या पडझडीचे खापर एकट्या बाहेरच्यांवर फोडणे बरोबर नाही. अटारीनेही घाईघाईत काढलेल्या गेमच्या लाखो प्रती अंगावर घेतल्या होत्या आणि न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोला माल चक्क पुरावा लागला होता. पण धंद्याने धडा घेतला तो एकच: दार उघडे ठेवायचे नाही.

निन्टेन्डोने त्या दाराला कुलूप घातले. १९८५ मध्ये अमेरिकेत आलेल्या तिच्या एनईएस कन्सोलमध्ये एक चिप होती. कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार चिप नसेल तर गेम सुरूच होत नसे. परवाना घेणाऱ्या प्रकाशकावर अटी कडक होत्या. वर्षाला पाचच गेम काढायचे. काढलेला गेम दोन वर्षे दुसऱ्या कन्सोलवर न्यायचा नाही. कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायची आणि त्यांचे पैसे आधी मोजायचे. माल खपला नाही तर तोटा प्रकाशकाचा. आजच्या नजरेला हा जुलूम वाटतो, पण कोनामी, कॅपकॉम, हडसन यांसारख्या जपानी कंपन्या याच अटींखाली मोठ्या झाल्या, कारण त्या काळी गिऱ्हाईक होते ते निन्टेन्डोच्याच अंगणात. कोनामीने तर पाच गेमच्या मर्यादेतून वाट काढायला ‘अल्ट्रा गेम्स’ नावाची दुसरी कंपनी उभी केली आणि निन्टेन्डोने ते चालवून घेतले. ज्याचा माल हवासा असतो त्याच्यासाठी नियम थोडे वाकतात, हे तेव्हाही दिसले.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्यांच्या गावांत जो ‘टीव्ही गेम’ पोहोचला, तो याच जपानी यंत्राची नक्कल होता. कुलपाची चिप त्यात नव्हती आणि एकेका कार्ट्रिजमध्ये शेकडो, वेष्टणावरच्या दाव्यानुसार हजारो, गेम कोंबलेले असत. ‘मारिओ’ आणि ‘डक हंट’ निन्टेन्डोचे होते. पण सुटीत तासन्‌तास चालणारा ‘कॉन्ट्रा’ कोनामीचा, रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’ नाम्कोचा आणि ‘ॲडव्हेंचर आयलंड’ हडसनचा. मराठी मुलांच्या एका पिढीने बाहेरच्या प्रकाशकांचे उत्तम गेम मनसोक्त खेळले. त्यातला एक पैसाही ना निन्टेन्डोला मिळाला, ना त्या प्रकाशकांना. भारत हा कन्सोलचा बाजार म्हणून कोणाच्या हिशेबात फार उशिरा आला, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक आहे.

निन्टेन्डोची पकड सैल झाली ती प्रतिस्पर्धी उभा राहिल्यावर. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलला, म्हणजे अमेरिकेतल्या जेनेसिसला, गेमची भूक होती. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीचे प्रमुख ट्रिप हॉकिन्स यांनी १९९० मध्ये एक धाडसी चाल खेळली. त्यांच्या तंत्रज्ञांनी सेगाचे यंत्र उलगडून, परवान्याशिवाय त्यावर गेम कसे चालवायचे हे शोधून काढले. मग ते सेगाकडे गेले: सवलतीचा परवाना द्या, नाहीतर आम्ही विनापरवाना विकू. सेगाने सवलत दिली. ‘मॅडन’ या अमेरिकन फुटबॉलच्या गेममुळे जेनेसिसचे चाहते वाढले, म्हणजे सौदा दोघांनाही मानवला. अकोलेड या दुसऱ्या कंपनीने तशीच वाट धरली तेव्हा सेगा न्यायालयात गेली. १९९२ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने सुसंगत गेम बनवण्यासाठी यंत्र उलगडून पाहणे हा त्या परिस्थितीत रास्त वापर ठरवला. निन्टेन्डोविरुद्ध अटारी गेम्सने केलेला असाच प्रयत्न त्याच वर्षी फसला, कारण तिने कुलपाच्या चिपचा कोड अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून खोटे कारण सांगून मिळवला होता.

बाहेरच्यांच्या जोरावर बाजारच फिरला त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण प्लेस्टेशनचे. १९९४ मध्ये सोनी या धंद्यात नवखी होती. मारिओसारखे घरचे पात्र तिच्याकडे नव्हते. म्हणून तिने बाहेरच्यांना जवळ केले. नाम्कोचा ‘रिज रेसर’ पहिल्याच दिवशी यंत्रासोबत होता. सीडी बनवायला कार्ट्रिजपेक्षा कितीतरी स्वस्त आणि लवकर होणारी, त्यामुळे न खपलेल्या मालाची धास्ती कमी. निन्टेन्डोने आपल्या नव्या कन्सोलसाठी कार्ट्रिजचाच हट्ट धरला आणि स्क्वेअर ही तिची जुनी साथीदार सोनीकडे गेली. स्क्वेअरचा ‘फायनल फँटसी ७’ १९९७ मध्ये तीन सीडींवर आला. तेवढा पसारा कार्ट्रिजमध्ये मावलाच नसता. शेवटी प्लेस्टेशन १० कोटींवर खपले, निन्टेन्डो ६४ साधारण ३.३ कोटींवर थांबले. निन्टेन्डोचे स्वतःचे त्या काळातले गेम आजही अव्वल मानले जातात. पण सगळी गर्दी एकट्या मालकाच्या दुकानावर टिकली नाही.

सेगाच्या नशिबी याच्या उलटे आले. १९९८ मध्ये जपानात आलेल्या तिच्या ड्रीमकास्ट कन्सोलकडे इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने पाठ फिरवली. क्रीडागेमच्या क्षेत्रात आपलीच मक्तेदारी असावी ही त्या कंपनीची इच्छा होती आणि सेगाने तर क्रीडागेमसाठी स्वतःचा स्टुडिओ विकत घेतला होता. सेगाचे क्रीडागेम चांगले निघाले, तरी फुटबॉलच्या चाहत्याला ‘मॅडन’च हवा होता. जानेवारी २००१ मध्ये सेगाने ड्रीमकास्ट बंद करत असल्याचे जाहीर केले आणि ती स्वतः बाहेरची प्रकाशक झाली. वर्ष संपायच्या आत तिचा सॉनिक निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर धावू लागला आणि २००७ मध्ये ऑलिंपिकच्या गेममध्ये मारिओ आणि सॉनिक एकाच धावपट्टीवर उतरले. एकेकाळी जाहिरातींत परस्परांची टर उडवणाऱ्या कंपन्यांची ही पात्रे. सेगा आजही टिकून आहे. कन्सोल गमावूनही प्रकाशक म्हणून जगता येते याचा हा पुरावा म्हणता येईल.

‘निन्टेन्डोच्या यंत्रावर फक्त निन्टेन्डोचेच गेम खपतात’ ही तक्रार या व्यवसायात नेहमी ऐकू येते, आणि तिच्यात तथ्य आहे. निन्टेन्डोचे गिऱ्हाईक मारिओ, झेल्डा आणि पोकेमॉनसाठी यंत्र घेते. वर्षातल्या दोन-तीन खरेदी त्यातच संपतात. कॅपकॉमने ‘रेसिडेंट एव्हिल ४’ आधी २००५ च्या आरंभी गेमक्यूबवर आणला. वर्षअखेरीस तोच प्लेस्टेशन २ वर गेला तेव्हा जास्त खपला. निन्टेन्डोच्याच १० कोटींहून अधिक खपलेल्या वी कन्सोलवर सेगाचा ‘मॅडवर्ल्ड’ आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा ‘डेड स्पेस एक्स्ट्रॅक्शन’, दोन्ही २००९ चे आणि दोन्ही मोठ्यांसाठीचे, जेमतेम उठले.

पण त्याच वर्षी, त्याच वीवर फ्रान्सच्या युबिसॉफ्टने ‘जस्ट डान्स’ आणला. समीक्षकांनी नाके मुरडली. लोकांनी मात्र घराघरात सोफे बाजूला सारून नाच केला. वीचा हलवायचा रिमोट, एकत्र जमणारे कुटुंब आणि निन्टेन्डोने स्वतः न भरलेली एक जागा, या तिन्ही गोष्टी त्या गेमने अचूक हेरल्या. मालिका इतकी चालली की वी बाजारातून गेल्यावरही त्यासाठी नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. शेवटची २०१९ मध्ये, यंत्र आल्यावर १३ वर्षांनी. या मालिकेच्या कामात युबिसॉफ्टच्या पुणे स्टुडिओचाही हात आहे. यंत्र किती खपले यापेक्षा ते घेणारा माणूस मालकाच्या गेमखेरीज आणखी काय शोधतो, हे पाहणे बाहेरच्यासाठी जास्त उपयोगाचे असते.

पुढचा वी यू हा निन्टेन्डोच्या पडत्या काळाचा कन्सोल. २०११ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या प्रमुखांनी व्यासपीठावर येऊन अभूतपूर्व भागीदारीची ग्वाही दिली आणि दोन वर्षांत कंपनीने त्यावर गेम काढणे बंद केले. युबिसॉफ्टने फक्त वी यूसाठी म्हणून जाहीर केलेला ‘रेमन लेजेंड्स’ महिनोन्‌महिने रोखून इतर यंत्रांवरही एकाच वेळी आणला. १.३५ कोटींवर थांबलेल्या यंत्रासाठी कोणी आपला मोठा गेम अडकवून ठेवत नाही. मात्र २०१७ चा स्विच १५ कोटींहून पुढे गेला आणि चित्र पालटले. ‘स्कायरिम’ आणि ‘विचर ३’सारखे अजस्र गेम चित्राची सुबकता कमी करून त्यात बसवले गेले, कॅपकॉमने २०२१ चा ‘मॉन्स्टर हंटर राइज’ आधी स्विचवरच काढला, आणि ‘स्टारड्यू व्हॅली’, ‘हॉलो नाइट’, ‘हेडीस’ अशा छोट्या चमूंच्या गेमना तर प्रवासात हाती धरायचे ते यंत्र फारच मानवले. निन्टेन्डोची गिऱ्हाइके बदलली नव्हती. त्यांची संख्या आणि खेळण्याची सवय बदलली होती.

यश म्हणजे काय हेही इथे ठरवून घ्यावे लागते, कारण १० लाख प्रती खपूनही कंपनी बुडू शकते आणि त्याहून फार कमी खपूनही चमूचे भागते. एका कन्सोलसाठी तयार असलेला गेम दुसऱ्यावर नेण्याला ‘पोर्ट’ करणे म्हणतात. नव्याने गेम घडवण्याच्या मानाने हा खर्च थोडा असतो. म्हणून बहुतेक प्रकाशक प्रत्येक यंत्रावर जातात आणि मालकाने एकाच यंत्राला बांधून घ्यायचे म्हटले तर त्याची किंमत मागतात. ती कधी रोख आगाऊ रकमेत मिळते, कधी जाहिरातीत, कधी काही महिन्यांच्या मक्तेदारीच्या बदल्यात दुकानाच्या दर्शनी जागेत. छोट्या प्रकाशकासाठी ही दर्शनी जागा पुष्कळदा रोकड्यापेक्षा मोलाची ठरते.

महाराष्ट्राचा या बाजाराशी आलेला पहिला ठळक संबंध स्टुडिओमार्फत नसून मालकीमार्फत होता. मुंबईच्या यूटीव्हीने, रॉनी स्क्रूवाला यांच्या कंपनीने, २००७ मध्ये दोन खरेद्या केल्या. एक होती विशाल गोंडल यांनी मुंबईत उभारलेली, मोबाइल गेम करणारी ‘इंडियागेम्स’; दुसरी ब्रिटनची ‘इग्निशन’. चित्रपट आणि मालिकांच्या कंपनीने अचानक जपानी-अमेरिकी कन्सोलच्या बाजारात प्रकाशक व्हावे, ही त्या काळी धाडसाचीच गोष्ट. इग्निशनने २००९ मध्ये ‘मुरामासा’ हा नजाकतदार जपानी गेम उत्तर अमेरिकेत वीवर आणला. २०१० मध्ये ‘डेडली प्रिमोनिशन’ हा विचित्र, तांत्रिकदृष्ट्या ओबडधोबड आणि तरीही विसरता न येणारा रहस्यगेम तिथेच एक्सबॉक्स ३६० वर २० डॉलरच्या आत विकला. समीक्षक त्यावर असे दुभंगले की काहींनी तो डोक्यावर घेतला, काहींनी पार धुडकावला, आणि त्या वादातूनच त्याला चाहते मिळाले. २०११ मध्ये इग्निशनच्या टोकियो स्टुडिओत ताकेयासु सावाकी यांनी दिग्दर्शित केलेला ‘एल शदाई’ प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० अशा दोन्ही प्रतिस्पर्धी यंत्रांवर आला.

यांपैकी आधीचे दोन गेम दुसऱ्यांनी बनवलेले, स्वस्तात घेतलेले, म्हणून जोखीम आवाक्यातली. ‘एल शदाई’ स्वतःच्या पैशाने वर्षानुवर्षे घडवलेला. दिसायला तो अप्रतिम आहे, पण एवढ्या खर्चाचा भार पेलण्याइतका खप अनोळखी नावाला मिळवणे कठीणच. २०१२ च्या आरंभी डिस्नेने यूटीव्ही पूर्णपणे ताब्यात घेतली आणि मुंबईच्या मालकीची ही कन्सोल-प्रकाशनाची कथा तिथे आटोपली. ‘एल शदाई’चे हक्क पुढे सावाकी यांच्या स्वतःच्या कंपनीकडे गेले आणि २०२१ मध्ये त्यांनी तो संगणकावर परत आणला. मुंबईतल्या धाडसाची मिळकत शेवटी टोकियोत राहिली, असे म्हणायला हरकत नाही. पण परदेशी गेमच्या इतिहासांत यूटीव्हीचे नाव येते आणि मराठी वाचकाला त्याचा पत्ताही नसतो, हे नवलच.

त्याच सुमारास उलट्या दिशेने आणखी एक प्रयत्न चालू होता. प्लेस्टेशन २ जगात जुना झाला तरी भारतात परवडणारा कन्सोल म्हणून विकला जात होता आणि सोनीला इथल्या गिऱ्हाइकासाठी इथले विषय हवे होते. २००९ मध्ये हैदराबादच्या कंपन्यांनी केलेले ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि ‘देसी अड्डा’ आले, २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आला. प्रकाशक सोनीच होती. त्यामुळे जोखीम तिची, आणि बाजाराची नाडीही तिच्याच हाती. मुंबईच्या चमूला पगार मिळाला, अनुभव मिळाला. पण प्रकाशक म्हणून उभे राहण्याची संधी मिळाली नाही. २०११ मध्ये ट्राइनने शाहरुख खान यांच्या ‘रा.वन’ चित्रपटावरचा गेमही प्लेस्टेशनसाठी केला. हे सर्व गेम कलाकृती म्हणून सामान्यच आहेत. त्यांचे महत्त्व वेगळे: मालकाला स्थानिक मालाची गरज भासली तेव्हाच दार उघडले, आणि गरज संपताच ते पुन्हा लोटले गेले.

पुण्यात याच काळात तिसरा मार्ग आकाराला येत होता. २००८ मध्ये युबिसॉफ्टने गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईतही स्टुडिओ उघडला. परदेशी प्रकाशकाचे इथले कार्यालय, म्हणजे कन्सोल-मालकांशी होणाऱ्या वाटाघाटी पॅरिसमध्ये आणि प्रत्यक्ष कामाचा काही भाग पुण्यात. पोर्ट, तपासणी, मोठ्या गेमचे तुकडे अशी कामे वर्षानुवर्षे केल्यावर पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे पहिल्यांदाच एक नामांकित गेम प्रमुख म्हणून सोपवला गेला: २००३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती. सप्टेंबर २०२० मध्ये ती जाहीर झाली. पहिली झलक पाहून जुन्या चाहत्यांनी चित्रांच्या दर्जावर टीका केली, जानेवारी २०२१ ची तारीख आधी मार्चवर आणि मग बेमुदत पुढे गेली, आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे देण्यात आले. या प्रकरणातून इथल्या कारागिरीचे मोजमाप काढणे घाईचे ठरेल. तुकड्यातुकड्यांच्या कामातून मिळणारे कौशल्य आणि अखेरपर्यंत सगळा गेम पेलण्याचे कौशल्य यांत अंतर असते, आणि ते ओलांडायला एकच संधी क्वचितच पुरते.

हे अंतर पुण्यातच, पण फार लहान प्रमाणावर ओलांडले गेले. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ हा स्टुडिओ काढला आणि ‘राजी’ या गेमसाठी २०१७ च्या अखेरीस किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभारण्याचा प्रयत्न केला. तो फसला. तरी काम चालू राहिले आणि पुढे सुपर डॉट कॉम हा परदेशी प्रकाशक मिळाला. कथा एका कसरतपटू मुलीची: राक्षसांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या राजीला देव शस्त्र देतात, दुर्गा आणि विष्णू तिच्यावर भाष्य करतात, अधूनमधून छायाबाहुल्यांचा खेळ येतो आणि राजस्थानी वाड्या-महालांवर पहाडी चित्रशैलीची छाया आहे.

ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डोच्या छोट्या स्टुडिओंसाठीच्या जाहीर कार्यक्रमात ‘राजी’ दाखवला गेला आणि त्याच दिवशी तो स्विचवर विक्रीस आला. सुमारे दोन महिने तो स्विचपुरताच होता. ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि संगणकावर आला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. इथे गंमत अशी की निन्टेन्डो भारतात स्विच अधिकृतपणे विकतच नव्हती. पुण्यात बनलेला गेम पुण्यातल्या ज्या गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी खेळायचा होता, त्याच्यासमोर बाहेरून आणवलेले यंत्र आणि दुसऱ्या देशाचे खाते हाच मार्ग होता. तरीही निर्णय शहाणपणाचा होता. अनोळखी चमूला हवी असलेली दर्शनी जागा निन्टेन्डो देत होती, आणि निन्टेन्डोला आपल्या छोट्या गेमच्या यादीत नव्या प्रदेशाची, नव्या पुराणकथांची भर हवी होती. गरज दोन्ही बाजूंना होती, म्हणून अटी जमल्या. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आले. ‘राजी’त लढाया थोड्या साचेबद्ध आहेत आणि शेवट अर्ध्यावर तुटल्यासारखा वाटतो, हे समीक्षकांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नाही, पण महाराष्ट्रातून निघून तीनही कन्सोल-मालकांच्या यंत्रांवर आपल्याच कथेने गेलेला असा दुसरा गेम दाखवणे सोपे नाही.

‘राजी’ आला त्यानंतरच्या काळात मालक आणि बाहेरचा ही विभागणीच पुसट होऊ लागली आहे. त्याची सुरुवात थोडी आधीची. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ची कंपनी अडीच अब्ज डॉलरना घेतली आणि गेम प्लेस्टेशनवर चालूच ठेवला, पुढे निन्टेन्डोच्या यंत्रांवरही आणला, कारण तो एका यंत्रापुरता कोंडण्यात तोटाच होता. २०२१ मध्ये सोनीच्याच स्टुडिओने केलेला बेसबॉलचा गेम एक्सबॉक्सवर आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ६८.७ अब्ज डॉलरचा सौदा पूर्ण करून ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ताब्यात घेतली. म्हणजे पहिली बाहेरची प्रकाशक कंपनी शेवटी एका यंत्रमालकाच्या घरात गेली. हा सौदा नियामकांच्या गळी उतरवण्यासाठी ‘कॉल ऑफ ड्यूटी’ प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवर देत राहण्याचे दहा वर्षांचे करार निन्टेन्डो आणि सोनीशी करावे लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले चार गेम इतर कन्सोलवर नेण्याचे जाहीर केले, एप्रिल २०२५ मध्ये ‘फोर्झा होरायझन ५’ प्लेस्टेशन ५ वर आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सोनीने प्रकाशित केलेला ‘हेलडायव्हर्स २’ एक्सबॉक्सवर. मोठ्या गेमचा खर्च इतका वाढला आहे की एका यंत्राची गिऱ्हाइके त्याला पुरत नाहीत. मायक्रोसॉफ्टची कन्सोल-विक्री मागे पडल्यामुळे तिला दुसऱ्याच्या यंत्रावरच्या गर्दीची गरज अधिक आहे. निन्टेन्डोला ती अद्याप भासलेली नाही, म्हणून मारिओ अजून घरातच आहे.

भारतात मात्र बहुसंख्य लोकांसाठी गेम म्हणजे फोन. धानोऱ्यात काय आणि पुण्यात काय, खेळणाऱ्याच्या हाती पहिले यंत्र तेच असते आणि पुण्याच्या सुपरगेमिंगने आपला ‘इंडस’ २०२४ मध्ये फोनवरच आणला. फोनवरही गूगल आणि ॲपलची दुकाने तसाच वाटा घेतात. फक्त तिथे गेम बहुधा फुकट असतो आणि कमाई आतल्या खरेदीतून होते, त्यामुळे कथा सांगून संपणाऱ्या ‘राजी’सारख्या गेमला ते दुकान सोयीचे नाही. तसे गेम करू पाहणाऱ्यांना कन्सोल आणि संगणक हेच रस्ते उरतात. सोनीने २०२३ मध्ये ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ सुरू करून भारतीय चमूंना पैसा, मार्गदर्शन आणि प्रकाशनाची मदत देऊ केली; निवडलेल्या गेममध्ये मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा, एका संग्रहालयात उलगडणारा ‘मुक्ती’ आहे. प्लेस्टेशन २ च्या दिवसांतल्या सोनीच्या योजनेपेक्षा ही वेगळी ठरते ती विषयाच्या निवडीत: क्रिकेट आणि देसी खेळांऐवजी इथे मानवी तस्करीसारखा, कोणत्याही देशातल्या प्रौढ खेळाडूला भिडेल असा विषय स्टुडिओने स्वतः निवडला आहे. करारातल्या इतर अटी मात्र नेहमीप्रमाणे यंत्राच्या मालकाशी बसूनच ठरवाव्या लागतात.